तळपायाला टिचकी

तीर्थरूप आईस,

तुझ्या लेकीचा आणि ओंजळीएवढ्या नातीचा नमस्कार. काळजी करू नकोस, बाळाला हॉस्पिटलमधून घरी आणलं आहे.

दिवस भरायच्या आधीच आल्यामुळे तिला ओढून प्यायची ताकद नाही. मी दूध काढून चमच्याने पाजते, रात्रीसुद्धा दर दोन तासांनी. वजन वाढलं नाही, तर तिला परत काचेच्या पेटीत ठेवतील.

दोन चमच्यांतच ती झोपी जाते. नर्सने सांगितलंय, तळपायाला टिचक्या मारून जागं करा. मी मारते. ती नुसतेच ओठ काढते, रडायचंही त्राण नसतं.

हे म्हणाले, "अगं, किती जोरात मारतेस! दे इकडे." आणि पाय कुरवाळत बसले. ती आणखी गाढ झोपली! मी हसले, मग रडूच आलं.

काल तिचं तोंड उघडं दिसलं, म्हणून हावरटासारखा एक चमचा जास्त पाजला. सगळं बाहेर आलं. पुन्हा दूध काढायला बसले, तर थेंब येईना.

बाबांचा खोकला कमी आहे ना? वहिनीला सांग, झबली सुरेख आहेत, जरा सैल होतात इतकंच.

आई, आत्ता ती इतकी शांत झोपली आहे, की हात पुढे होत नाही. तू असतीस तर काय केलं असतंस? तुझं उत्तर यायला आठवडा तरी लागेल. ठेवते पत्र. तिला उठवायला हवं.

तुझी,
धाकटी