परभाषिकांच्या मनाचा ठाव

५ जून
मॅडमनी मीटिंगमध्ये विचारलं, परदेशातून आलेल्या, वेगळ्या संस्कृतीच्या क्लायंट्सचं समुपदेशन कोण करेल? बाकीचे समुपदेशक लगेच फाइलीत डोकं खुपसून बसले. मी हात वर केला. हेच काम का हवं, ते लिहून द्यायचं होतं. ‘माणसांची उपजत समज’ असं लिहिलं. नव्या विभागाला प्रमुख लागणार, हे काही लिहिण्यासारखं कारण नव्हे.

बायको म्हणाली, अठरा वर्षं झाली, माझ्या आईला तुमचं काय खटकतं ते अजून कळलेलं नाही तुम्हाला. तिला विषयच समजला नाही.

७ जून
संकल्प. येणाऱ्या पहिल्या क्लायंटच्या भाषेतले रोज वीस शब्द. महिन्याला सहाशे.

८ जून
दोन झाले. पण पक्के.

१२ जून
पहिला क्लायंट. वेल्डर, पन्नाशीचा. बायको गेल्यापासून बोलणंच बंद झालंय, असं त्याच्या मुलीने कळवलंय. सोबत त्यांच्याच देशातली दुभाषी बाई. मी थेट त्याच्या भाषेत सांत्वन केलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, तुम्ही अभिनंदन केलंत.

उच्चारात जरा इकडेतिकडे.

१९ जून
त्यांच्यात नजरेला नजर भिडवणं उद्धटपणाचं, असं वाचलं. म्हणून फरशीकडे बघत बसलो. थोड्या वेळाने वेल्डरही वाकून बघू लागला. मग बाई. शेवटी त्यांनी विचारलं, काय पडलंय?

एकत्र शोधल्याने विश्वास वाढतो. नोंद केली.

२६ जून
वेल्डर बोलला. पाऊण तास, बाईंशी. मध्ये रडला, नंतर हसलाही. मी चकार शब्द काढला नाही. माझ्या मौनात ताकद आहे. बाईंनी भाषांतर केलं, बरं वाटतंय. पाऊण तासाचं एवढंच? सारांश असावा.

प्रमुखपदासाठी अर्ज टाकला.

३ जुलै
बाईंनी सांगितलं, इथे त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारं कोणीच नाही. मुलगीसुद्धा विसरत चाललीय. आठवडाभर तो या तासाची वाट बघतो. मी म्हटलं, माझा अंदाज होताच.

मग त्या जरा घुटमळल्या. म्हणाल्या, “त्याला बायकोबद्दल बोलायचंय. तुम्हाला कळत नाही हे ठाऊक आहे त्याला, तरी संकोच वाटतो. थोडा वेळ बाहेर बसाल का?”

बाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. आत छान चाललंय.

रिसेप्शनवरची नवी मुलगी येऊन म्हणाली, घाबरू नका, पहिल्यांदा सगळ्यांनाच अवघडल्यासारखं होतं. फॉर्म देऊन गेली. नाव आणि वय भरलंय. ‘काय त्रास होतो’ इथे अडलोय.