साहेबाच्या बंगल्यावरचं जेवण

३ फेब्रुवारी १९७४, रविवार.
रिटायर होऊन वर्ष झालं. आजपासून नियमित रोजनिशी. (गेल्या वर्षीची सात पानांवर थांबली, पण त्या वहीचा कागदच वाईट होता.)

सकाळी रंकाळ्यावर फिरताना कल्पना सुचली. तीस वर्षं इतिहास शिकवला, एकाही पोराच्या लक्षात राहिला नाही. कारण आपण इतिहास सांगतो, दाखवत नाही. आमच्या सांस्कृतिक मंडळाच्या हॉलमध्ये इंग्रज रेसिडेंट साहेबाच्या बंगल्यावरचं १९२५ सालचं जेवण जसंच्या तसं उभं करायचं. तेच पदार्थ, तसेच कोट, तेच रीतिरिवाज. चाळीस पाहुणे आधी बघणार, मग जेवणार. साहेब मी.

रोज माझ्याबरोबर फिरणाऱ्या मीरासाबला तिथंच सांगितलं. त्याचा बाप त्या बंगल्यावर खानसामा होता, आणि हा स्वतः तरुणपणी बटलरच्या हाताखाली. ऐकून तो तळ्याच्या काठानं झपाझपा पुढं चालायला लागला. आनंदानं असणार.

५ फेब्रुवारी.
मीरासाब तयार. म्हणाला, "सैपाक करतो. वाढायला मातर उभा ऱ्हाणार न्हाई. आन् मास्तर, त्या टेबलावर मला बी एक खुर्ची पायजे. चार वर्सं हुतो तिथं, एकदा बी बसून खाल्लं न्हाई."

पहिली खुर्ची तुझी, म्हणालो. एवढ्या साध्या गोष्टीला तो दोनदा "नक्की न्हवं?" म्हणाला. बटलरच्या भूमिकेला कसबा बावड्याचा केरबा आहे. नाटकात कामं करतो, कुणाचंही ऐकत नाही, पण उंची चांगली.

संकल्प : रोज अर्धा तास इंग्रजी उच्चार. मिशा वाढवणे.

९ फेब्रुवारी.
मीरासाबच्या घरी पदार्थांची तालीम. मुळगाटानी सूप म्हणजे मटणाचा रस्सा, मसुराची डाळ, नारळाचं दूध, वर लिंबू. शिवाय कटलेट आणि जळक्या साखरेचं पुडिंग. त्याची सून मेहमुदा म्हणाली, अब्बा पंधरा वर्षांनी चुलीपुढं बसले. चमचाभर चाखून त्यानं डोळे मिटले. बापाचा हात वेगळा होता म्हणाला. मी तीन वाट्या प्यायलो.

माझी बायको अंजना जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून माझा दुपारचा डबा मेहमुदाच पाठवते. ही माणसं खरंच मोठ्या मनाची. एकदा तसं बोलून दाखवलं पाहिजे.

मंडळाचे सेक्रेटरी हंबीरराव म्हणाले, सूप असू दे, पण तांबडा-पांढरा रस्सा ठेवा, पावणं उपाशी उठतील. इतिहासात तडजोड नाही, असं ठणकावलं. उच्चार आज राहिले.

१४ फेब्रुवारी.
नुसतं जेवण म्हणजे खानावळ. प्रसंग हवा. दोन दिवस सुचेना, मग एकदम आठवला.

अंजनाच्या दहाव्याला मीरासाब माझ्याजवळ तळ्याकाठी बसला होता. मी रडत होतो. मला सोबत म्हणून की काय, त्यानं त्याची एक गोष्ट सांगितली. भर पाहुण्यांत साहेबानं सूप गार आहे म्हणून प्लेट त्याच्या छातीवर फेकली. बाप तिथंच उभा. पोराला सावरायचं सोडून बापानं त्याला स्वतःच्याच पगडीनं फरशी पुसायला लावली, वर माफी मागायला लावली. मरेपर्यंत बापलेक त्यावर बोलले नाहीत. मीरासाबनं हे बायकोलाही सांगितलं नव्हतं.

हाच प्रसंग! पाहुणे रुमाल काढणार. नाव कुणाचंच घ्यायचं नाही, म्हणजे विचारण्याचाही प्रश्न नाही. मीरासाबला सरप्राइज. आपल्या दुःखाची कुणी दखल घेतली, असं वाटेल त्याला.

२० फेब्रुवारी.
केरबाबरोबर तालीम. मी रिकामी प्लेट फेकतो, तो पुसतो. तो फार वाईट पुसतो. मिशा एका बाजूला जास्त वाढल्या आहेत.

२४ फेब्रुवारी, सकाळी ११.
केरबाचा निरोप : म्हैस विणार हाय, येत न्हाई. कला आणि म्हैस यांत लोक म्हैस निवडतात. पण मी डगमगलेलो नाही. तोडगा आहे.

२५ फेब्रुवारी, सोमवार.
कार्यक्रम अपूर्व झाला. तपशील लिहून ठेवतो.

बटलरचा कोट आणि पगडी मीरासाबला चढवली. तो नको म्हणत होता. "मास्तर, माझी खुर्ची?" म्हणाला. म्हटलं, पाच मिनिटं वाढ, मग बसायचंच आहे. पाहुणे आले होते, वाद घालायला वेळ नव्हता. त्यानं स्वतःच बटणं लावली.

हा प्रसंग होणार हे त्याला ठाऊक नव्हतं, तेच बरं झालं. नैसर्गिक अभिनय. त्यानं डावीकडून सूप ठेवलं, अगदी रीतीप्रमाणं. मी एक चमचा घेतला, इंग्रजीत ओरडलो आणि प्लेट फेकली. (माझ्या वाटणीचं सूप मी आधीच काढून मुद्दाम गार होऊ दिलं होतं. मी काही राक्षस नाही.)

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग पगडी काढली, गुडघ्यांवर बसला आणि फरशी पुसू लागला. सगळी पुसली. माझ्या खुर्चीखालची पण. गुडघे धरत उठला आणि खाली बघत म्हणाला, "माफी असावी, हुजूर."

हे वाक्य मी कुणालाच दिलेलं नव्हतं.

टाळ्या थांबेनात. हंबीररावांनी डोळे पुसले. मीरासाब पगडी घेऊन मागच्या दारानं गेला. कपडे बदलायला असेल, असं वाटलं. त्याच्या खुर्चीवर हंबीररावांचे मेव्हणे बसले. कटलेट संपली, पुडिंग उरलं. चौघांनी तांबडा रस्सा मागितला.

२६ फेब्रुवारी.
मीरासाब फिरायला नाही. दमला असणार, वय झालं. डबाही नाही. मेहमुदाला बरं नसेल. पोहे केले, करपले.

२८ फेब्रुवारी.
त्याच्या घरी गेलो. उरलेल्या पुडिंगचं भांडं परत करायचं होतंच. मेहमुदानं अर्धं दार उघडलं. अब्बा झोपल्यात म्हणाली. आतून खोकल्याचा आवाज आला.

कुठं भाजलं-बिजलं नाही ना, विचारलं.

"न्हाई. गारच हुतं की." मग पदर सावरून म्हणाली, "मास्तर, त्यांच्यासंगं असं काय झालतं, आमाला ठावं नव्हतं. कोट भिजवून घरला आले तवा त्यांनीच सांगितलं. तुमाला ठावं हुतं व्हय?"

मी म्हणालो, नाव कुठंही घेतलेलं नाही.

"व्हय," म्हणाली. भांडं घेतलं आणि दार हळू लावून घेतलं.

४ मार्च.
माफीचं पत्र. चार मसुदे. पहिल्यात प्रसंगाचं ऐतिहासिक महत्त्व दीड पान झालं. चौथा एका ओळीचा : मीरासाब, माझं चुकलं. शाळेतल्या पोराचा वाटतो. पाठवला नाही. समोरासमोर सांगणं योग्य.

हंबीरराव आले होते. वारणानगरला प्रयोग मागतायत, त्याच म्हाताऱ्याला घेऊन. म्हटलं, त्यांची तब्येत नाही. मिशा काढल्या.

१० मार्च, रविवार.
सकाळी सात, रंकाळा. मीरासाब समोरून आला. हल्ली तळ्याला उलट्या बाजूनं वेढा घालतो म्हणे.

मी थांबलो. "मीरासाब," एवढंच म्हणालो. रात्रभर पाठ केलेलं वाक्य आठवेना.

तो वाटेच्या कडेला सरकला. वाकून कपाळाला हात लावला. "सलाम, साहेब," म्हणाला आणि मी पुढं जाईपर्यंत मान खाली घालून तसाच उभा राहिला. मी गेलो.

सकाळचं ऊन डोळ्यांवर आलं की म्हाताऱ्या माणसाला समोरचा ओळखू येत नाही. तसंच झालं असणार, हे लिहायलाच वही उघडली होती.

पण ऊन त्याच्या पाठीमागं होतं. माझ्या तोंडावर पडलं होतं.