झाडीच्या लेकी डॉट इन आणि माझा विश्वासघात

१० जुलै २०२५, गुरुवार
आषाढ पौर्णिमा. विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू झालं. आता तीन महिने रोज संध्याकाळी. वाचक याही वर्षी मीच. समितीने विचारलं नव्हतं, पण विचारणार होतेच.

आज मोठा निर्णय घेतला. विस्तार अधिकारी म्हणून जन्मभर शाळा तपासल्या, आता समाजाचं ऋण फेडायचं. नेटवर स्त्रियांचा इतिहास शोधून पाहिला. पुण्या-मुंबईच्या बायका ढिगाने. आपल्या झाडीपट्टीतल्या, म्हणजे मूल-सिंदेवाही-गडचिरोलीकडच्या, कुठेच नाहीत. हा अन्याय मी दूर करणार. वेबसाइटचं नाव 'झाडीच्या लेकी'. विभाग दोन: महिलांचा इतिहास आणि कुटुंबजीवन. उद्घाटन समारोपाला, विहारातच. सत्कार ठेवला तर नको म्हणायचं नाही. नको म्हटलं की लोक खरंच थांबतात.

यशोधराला सांगितलं. ती दिवसभर धानाच्या बांधीत रोवणारणींसोबत होती. 'चांगलं हाये,' म्हणाली आणि बसल्या जागी झोपली. पत्नीची पूर्ण साथ आहे.

१३ जुलै, रविवार
संघप्रिया आली. लेक बल्लारपूरला बँकेत आहे, रविवारी गाडीने येते. दुपारभरात तिने वेबसाइट उभी करून दिली. म्हणाली, बाबा, पहिली मुलाखत आजीची घ्या, दुसरी आईची. म्हटलं, घरातल्यांपासून सुरुवात म्हणजे वशिलेबाजी. मी नोकरीत असताना कधी केली नाही. ती काही बोलली नाही. पटलं असावं.

१९ जुलै, शनिवार
फील्डवर्क सुरू! पहिलं घर लटारूभाऊंचं. वहिनींचं बालपण, लग्न, रोवणीची मजुरी, सगळं विचारलं. लटारूभाऊंनी ओट्यावर बसून अगदी मोकळेपणाने उत्तरं दिली. वहिनी चहा घेऊन आल्या, चौकटीत थांबल्या, 'तसं नाई जी, मी तवा...' असं म्हणाल्या. पुढचं वाक्य लटारूभाऊंनी पूर्ण केलं. आणखी तीन घरं केली. तिन्ही ठिकाणी यजमानांनी छान सहकार्य केलं.

निष्कर्ष: आपल्या भागातली स्त्री मुळातच अबोल आहे. साइटवर टाकला.

९ ऑगस्ट, शनिवार
जंगलातल्या भगिनींना वगळून चालणार नाही, म्हणून हेमलकशाला निघालो. नाल्याला पूर, आलापल्लीच्या स्टँडवरच अडकलो. पण खरा संशोधक कुठेही काम करतो. तिथे पोचू नावाचा एक माणूस आणि त्याची बायको बुधरी गाडीची वाट पाहत होते. बुधरीला विचारलं, तुमच्यात स्त्रीचं स्थान काय? ती गोंडीत बराच वेळ बोलली. आसपासच्या सगळ्या बाया हसल्या. एकीला तर ठसका लागला. पोचूला विचारलं, काय म्हणाली? तो म्हणाला, 'काई नाई म्हणते.'

तसं नोंदवलं.

२६ ऑगस्ट, मंगळवार, रात्री ९.३०
अजून जेवण नाही. वाचन आठला संपतं, मी लगेच घरी येतो, बायका मात्र विहारातच बसतात. रोज. आईसुद्धा! ऐंशीची झाली, गुडघे धरलेत, पण विहारातून उठवत नाही. यशोधराला कारण विचारलं. म्हणाली, 'बोलत बसतो जी, अजून काय.' मी ग्रंथावर जे विवेचन करतो त्याचीच चर्चा चालत असणार. विवेचन ग्रंथापेक्षा थोडं लांबतं, हे खरं.

वेळ होता म्हणून 'कुटुंबजीवन' विभागात लेख टाकला: घरकामात पुरुषाचा सहभाग, काळाची गरज. यशोधरा आल्यावर तिला दाखवला. ती भाकरी थापत होती. म्हणाली, वाचा मोठ्यानं. वाचला. पुढच्या वेळी तिच्याच लक्षात येईल की भाकरी थापतानाही वेळेचा सदुपयोग करता येतो.

७ सप्टेंबर, रविवार
साइटचा मुख्य लेख पूर्ण! शीर्षक: स्त्रियांना प्रकाशाकडे नेणारा पुरुष. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील सोमाजी, यांनी छप्पन साली गावच्या बायांना बंडीत बसवून दीक्षेसाठी चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, नेलं. मामांनी सांगितलेली हकीकत आहे, म्हणजे अस्सल. आईला वाचून दाखवला. ती तेव्हा अकरा वर्षांची होती आणि त्याच बंडीत होती. 'तसं नाई रे बापू, ते पिवरं धान...' असं सुरू केलं तिने. मी तिला सोहळ्याची तारीख, वार, एकूण परिस्थिती नीट समजावून सांगितली. ती गप्प झाली. वयोमान.

२१ सप्टेंबर, रविवार
एक गोड गुपित कळलं. वाचन संपल्यावर छत्री विसरली म्हणून परत गेलो, तर विहारात स्टँडवर मोबाइल, गोल दिवा आणि भोवती बाया. संघप्रियाही! रविवारची गाडी सोडून थांबली होती. मला पाहताच सगळ्या चिडीचूप. एकीने पदरात तोंड लपवलं.

माझ्या सत्काराची फिल्म चालली आहे. दुसरं काय असणार? काही पाहिलंच नाही असं दाखवून छत्री न घेताच आलो.

५ ऑक्टोबर, रविवार
केस रंगवले. भाषण पाठ. सुरुवात अशी: 'मी काहीच केलं नाही, मी फक्त झाडीच्या लेकींना आवाज दिला.' इथे थांबायचं. टाळ्या.

६ ऑक्टोबर, सोमवार
लिहवत नाही. पण लिहितो.

समारोपाला विहार गच्च भरला होता. भिंतीवर पांढरं लुगडं ताणून पडदा केलेला. मी पहिल्या रांगेत. दिवे गेले आणि पडद्यावर फिल्मचं नाव आलं: सर गेल्यावर.

मला वाटलं, माझ्या निवृत्तीबद्दल आहे.

मग लटारूभाऊंची बायको आली. अबोल! थांबेच ना. रोवणीच्या मजुरीसाठी बाया बांधीच्या पाळीवर बसून राहिल्या, पाटलाचे उपटून ठेवलेले परे, म्हणजे धानाची रोपं, उन्हात सुकले, शेवटी तो वाढवून द्यायला कबूल झाला, आणि त्या सगळ्यांच्या पुढे ही होती. लटारूभाऊ माझ्या शेजारीच होते. त्यांचं तोंड उघडं. मुलाखतीत त्यांनी मला हे सांगितलंच नाही. नंतर म्हणाले, 'मले तरी कुठी मालूम होतं?'

मग आई आली. माझी आई. पांढरं लुगडं, मांडीवर हात. म्हणाली, 'बाबा गेलाच नाई चांद्याले. मालगुजाराले भेला. पिवरं धान उभं हाये, डुकरं खातीन म्हणून मचानावर जाऊन बसला. मग मायनंच बंडी जुपली. बाईनं बंडी हाकलली म्हणून रस्त्यात लोकं हसत. माय म्हणे, हसू द्या, बैलांले काई फरक नाई पडून राह्यला.'

अख्खा विहार हसला. मग काही जणी रडल्या.

पडद्यामागून यशोधराचा आवाज आला. एवढं छान विचारते हे मला माहीत नव्हतं. तिने विचारलं, 'तुमच्या लेकाले कधी सांगतलं का हे?' आई म्हणाली, 'सांगाले गेली होती. त्यानंच मले सांगून देल्लं.'

सगळे माझ्याकडे वळले. म्हणून पहिली टाळी मीच वाजवली.

शाल आईला मिळाली. वेबसाइटचं उद्घाटन राहून गेलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार
स्पष्ट शब्द वापरतो: विश्वासघात. बायको, लेक, जन्मदाती आई आणि अख्खा विहार. माझ्याच वाचनाच्या आडून, मी वळलो की मागे हे. संघप्रियाला फोनवर फैलावर घेतलं. म्हणाली, बाबा, तुम्ही बसले असते तर बाया बोलल्याच नसत्या. का? मी काय वाघ आहे? मी तर त्यांना बोलायला मदत केली असती.

त्या फिल्मचे आता भाग करून चॅनलवर टाकलेत. अमेरिकेतल्या कुण्या मराठी बाईची कॉमेंट: आमच्या आजीची आठवण आली, फार उपयुक्त काम. 'उपयुक्त' हा शब्द माझ्या साइटचा होता.

९ ऑक्टोबर, गुरुवार
ठरवलं होतं की पाहणार नाही. यशोधराचा भाग पाहिला.

ती म्हणते, शाळेत तिचं वाचन सगळ्यांत चांगलं होतं. म्हणते, मी वाचायचो ते पान ती रोज दुपारी घरी मोठ्याने वाचून पाहायची, भांडी आवरल्यावर. इतकी वर्षं. वाटायचं, कुणीतरी म्हणेल, आज तू वाच. मग तिने त्यातला उतारा वाचून दाखवला. चांगलं वाचते. माझ्यापेक्षा सावकाश.

वाईट वाटलं. खूपच. हे ती मोबाइलला सांगू शकते आणि मला नाही? मला सांगितलं असतं तर मी विचार केला असता. नाहीच म्हटलं असतं, पण विचार करून.

१२ ऑक्टोबर, रविवार
समितीचे लोक आले. पुढच्या वर्षावासाला वाचक यशोधरा. मी म्हटलं, तिला विवेचन जमणार नाही. अध्यक्ष म्हणाले, 'तेच तं पायजे.'

संकल्प: यशोधराशी अबोला. आजपासून.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
अबोला चालू आहे. तिच्या अजून लक्षात आलेला नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
यशोधरा, संघप्रिया आणि सगळ्या बाया गाडी करून चांद्याला दीक्षाभूमीवर गेल्या. मला म्हणाल्या, जागा नाही. आई गुडघ्यांमुळे मागे राहिली. म्हणजे संधी!

निश्चय केला: एकच प्रश्न विचारायचा आणि पूर्ण गप्प बसायचं. मोबाइल लावला, आईसमोर जमिनीवर बसलो. म्हटलं, आई, आजीबद्दल सांग. आणि खरंच गप्प बसलो. जीव कासावीस झाला, तरी बसलो.

आईने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, 'यशोधराले येऊ दे. ते विचारते तवा मले आठवते.'

मोबाइल बंद केला. चहा करावा म्हणून स्वयंपाकघरात गेलो. गॅस सापडला. साखर सापडली. चहापत्तीचा डबा कुठे असतो ते आईला विचारलं.

म्हणाली, 'आठवून नाई राह्यलं.'