निर्मलाबाईची पिल्लं

३ डिसेंबर, मंगळवार
विसरवाडीच्या पुढच्या पाड्यावर गेले. निर्मलाबाईची डुकरीण व्यालीय. नऊ पिल्लं, आठवड्याची, आणि सगळ्यांना हगवण — पिवळी, लेईसारखी. अंग थंड, पाठीचे मणके वर आलेले. अँटिबायोटिक दिलं, विष्ठेचा नमुना नंदुरबारला पाठवला.

नवरा, फत्तेसिंग, ऊसतोडीला गुजरातेत. घरात ती एकटी आणि ही जनावरं. "डॉक्टरीणबाई, यासले वाचाडा," एवढंच म्हणाली.

खोलीवर आले. भाजी गरम केली, गार झाली, झाकून ठेवली.

५ डिसेंबर
दोन मेली. औषध लागूच पडत नाही!

८ डिसेंबर, रविवार
नवापूरला घरी. अम्मीने पाण्याची बादली दारातच ठेवलेली. आधी अंघोळ, मग सलाम.

जेवताना भावाने, मुजाहिदने विचारलं, आठवडाभर कुठे फिरत होतीस? मी तोंड उघडायच्या आत अम्मी — "गाय-भैंस की डॉक्टर है, अतिका. लोगों में बस उतना बोलना." मामूंनी स्थळ आणलंय, म्हणून. अब्बा ताटात बघत राहिले. स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखी बसले होते. शिरीनला फोन केला, शाळेतली मैत्रीण. उचलला नाही.

९ डिसेंबर
रिपोर्ट आला. दोन आजार एकदम! आतड्यात कॉक्सिडिया — परजीवी — आणि वर रोटा विषाणू. एक आतड्याचं अस्तर पोखरतो, दुसरा उरलंसुरलं संपवतो. मग दूध पचणार कसं?

परजीवीवर औषध आहे. विषाणूवर नाही. त्याला फक्त मीठ-साखरेचं पाणी, ऊब, कोरडी जागा. आणि वाट बघणं.

सातही पिल्लांना औषध पाजलं. निर्मलाबाईने खुराडा खरवडला, मी उकळतं पाणी ओतत गेले. मग कोरडा पेंढा, वर बल्ब टांगला. दोघी घामाने निथळत होतो, थंडीत!

११ डिसेंबर
आणखी एक गेलं. मांडीवर घेऊन पिचकारीने पाणी पाजत होते — मान टाकली. मला रडूच आलं. निर्मलाबाईने पिल्लू अलगद उचलून घेतलं.

"तुम्ही जेवन्यात का?"

नाही म्हणाले. तिने नागलीची भाकर, उडदाची डाळ समोर ठेवली आणि स्वतःही बसली. किती दिवसांनी कुणासमोर बसून जेवले!

१४ डिसेंबर
हगवण थांबली. उरलेली सगळी आईला लुचतायत, एकमेकांना ढकलून! निर्मलाबाई हसली तेव्हा कळलं, तिला पुढचा दात नाही.

आता तिकडे जायचं कारण उरलं नाही. याचं वाईट का वाटावं?

१७ डिसेंबर
तरी गेले. कशाला आलात, असं तिने विचारलं नाही.

२२ डिसेंबर, रविवार
नवापूर. पाहुणे आले. मी आत, पडद्याआड. मुलाच्या आईने विचारलं, "लड़की कौनसे जानवर देखती है?"

अम्मी म्हणाली, "सब. अभी सुअर के बच्चे बचाए उसने. छह."

पाहुणे चहा तसाच टाकून उठले. आणि मी आत उभी — छह! हे मी फक्त अब्बांना सांगितलं होतं, फोनवर. म्हणजे माझ्यामागे ही दोघं माझ्याबद्दल बोलत असतात!