लाइनवरचा माणूस

७ मार्च, रविवार

आजपासून आईचा आवाज साठवायला सुरुवात. घशातल्या गाठीच्या ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढणार. डॉक्टरांनी दुसरा मार्गही सांगितला होता, किरणांचा. पण त्याची खात्री कमी. दादा म्हणाला, "खात्री कमी म्हणजे नकोच." मीही मान डोलावली. ठरलं.

मग निदान आवाज तरी राहू दे, म्हणून रविवारच्या व्हिडिओ कॉलला आमच्या ऑफिसचा रेकॉर्डर जोडला. लोकांच्या मीटिंगा पकडायच्या, त्यांचं बघता येईल अशा फाइलीत रूपांतर करून प्रेक्षकांपर्यंत थेट पोचवायच्या आणि एक प्रत जपून ठेवायची — दिवसभर हेच तर करते. घरचं एक काम त्यात खपून जाईल.

रेकॉर्डर कॉलमध्ये माणसासारखाच शिरतो. काळा चौकोन, खाली नाव. आईने लगेच विचारलं, "हे कोण गं?"

"आमच्या ऑफिसचं आहे. नुसतं ऐकत बसतं."

तिने सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. चेहरा खुलला. "ऑपरेटर म्हण की! सगळं ऐकायचं, मधे बोलायचं नाही. आमचा नियमच होता तो."

मी हो म्हणून टाकलं. समजावत कोण बसणार.

९ मार्च, मंगळवार

रविवारचं रेकॉर्डिंग पाहिलं आणि कपाळाला हात लावला. आमचा रेकॉर्डर बोलेल त्याला मोठा करतो, बाकीचे कोपऱ्यात. त्यामुळे दादाच दादा. अधूनमधून वहिनी. आई टिकलीएवढी — "जेवलीस का", "हं", "बरं". बोलणाऱ्याची माती विकते म्हणतात ते खोटं नाही.

१४ मार्च, रविवार

आज मुद्दाम आईला बोलतं करायला गेले. "एक्स्चेंजमधलं काही सांग ना." दोन वाक्यं झाली. मग म्हणाली, "मी काय म्हणत होते, ते ऑपरेशन—"

दादा — "आई, ते ठरलंय ना आता?"

मीही लगेच री ओढली. "हो गं, डॉक्टरांना कळतं आपल्यापेक्षा."

तिने विषय मिटवला. नंतर सगळे पटापट कॉलमधून गेले, मीसुद्धा. आईला लाल बटण लवकर सापडत नाही, त्यामुळे तीच मागे उरते.

१७ मार्च, बुधवार

ऑफिसात रेकॉर्डिंगांचा साठा भरत आला म्हणून साहेबांनी सगळ्यांना झापलं. मला मात्र शाबासकी! शेपूट छाटायची युक्ती माझी ना. कॉलमध्ये एकच माणूस उरला की तिथून पुढचं सगळं आपोआप कापलं जातं. रूपांतर नीट झालं की मूळ फाइलही पुसली जाते. "एकटा माणूस म्हणजे... म्हणजे... मीटिंग नव्हे," असं बफरिंग म्हणाला. (शेजारच्या टेबलावरचा. वाक्याच्या मधेच अडकतो म्हणून हे नाव. कामाला मात्र वाघ.)

२१ मार्च, रविवार

आई आज अचानक — "त्या माणसाने तुला काही निरोप दिला का गं?"

"कुठल्या माणसाने?"

"तुझ्या ऑफिसच्या. लाइनवर असतो तो."

दादा खो खो हसला. मीही हसले. म्हटलं, "त्याला तोंडच नाही आई."

ती हसली नाही. "असं कसं? निरोप पोचवायचा असतो," म्हणाली आणि चष्मा पुसत बसली. आजारपणात माणूस लहान होतो.

२८ मार्च, रविवार

ऑपरेशनच्या आधीचा शेवटचा कॉल. दादाच बोलला.

३१ मार्च, बुधवार

झालं. गाठ पूर्ण निघाली. दादा डॉक्टरांचा हात सोडेना.

६ एप्रिल, मंगळवार

लिहून बोलता यावं म्हणून आईला छोटा पांढरा फळा आणून दिला. ती त्यावर काहीच लिहीत नाही. पेन हातात दिलं तर खाली ठेवते. नर्स म्हणते, होईल सवय. माझ्याकडे बघत राहते, रागावल्यासारखी नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

दादा म्हणाला, "तू आवाज साठवलायस ना, लाव की. तिलाही बरं वाटेल." लावला. पहिला दादाच आला पडद्यावर. बंद केला.

८ एप्रिल, गुरुवार

बफरिंग टेबलाशी येऊन उभा. "तुझी एक फाइल... अठ्ठावीसची... नापास झालीय." साठा भरल्यामुळे रूपांतर अर्ध्यात अडकलं होतं. म्हणजे मूळ फाइल शाबूत, शेपटासकट! बटण शोधणारी आई तरी बघायला मिळेल. लंचमध्ये खोली रिकामी होती, तेव्हा लावली.

सगळे जातात. आई एकटी उरते. दुसरं कोणी बोलणारं नाही, म्हणून पहिल्यांदाच पडदाभर आई. बटण शोधतच नाही ती. पुढे सरकते, आणि आवाज एकदम एक्स्चेंजमधला, स्वच्छ, एकेक शब्द सुटा —

"ऑपरेटर, दर रविवारी सांगतेय, आज शेवटचं. माझ्या मुलीला निरोप द्या. मला ऑपरेशन नको आहे. किरणांनी जेवढं होईल तेवढं होऊ दे, पण बोलता येऊ दे मला. समोर विषय काढला की दोघं गप्प करतात. मुलाला दुखवायचा धीर होत नाही. तुम्ही सांगितलंत तर ती ऐकेल. पोचला की मला नुसतं 'पोचला' म्हणा."

मग ती थांबली. काळ्या चौकोनाकडे बघत, कान देऊन, किती तरी वेळ.

दर रविवारी. आधीचे सगळे निरोप मीच छाटले.

९ एप्रिल, शुक्रवार

आईपाशी गेले. फळा घेतला आणि लिहिलं — पोचला.

तिने वाचलं. तळहाताने सावकाश पुसलं. आणि पहिल्यांदाच पेन हातात घेतलं —

"ऑपरेटरला रागावू नकोस."