साडेतीनशे फोटो की चार हजार?

वडनेर भोलजी,
मंगळवार

आदरणीय प्रेमानंद भाऊजी,

सविनय जय भीम. नागपुरात मुलाकडे तुमचं बस्तान बसलं असेल, नातू थोडीफार झोप लागू देत असेल आणि तिथल्या उन्हात तुम्ही दुपारचे बाहेर पडत नसाल, असं धरून चालतो. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत, फक्त मी नाही. तसं मला काही झालेलं नाही, पण होईल असं वाटतं. (छाया म्हणते, हे मी लग्न झाल्यापासून म्हणतो आहे. बरोबर आहे. पण माणूस जेवढी वर्षं घाबरतो तेवढी भीती जुनी होते, कमी होत नाही.) फोनच केला असता, पण आमच्या घरी फोन कायम स्पीकरवर असतो आणि मला बोलायचं आहे ते घरात ऐकू जाण्यासारखं नाही. शिवाय तुम्ही हेडमास्तर. तुमच्यापुढे तोंडाने वऱ्हाडी चालते, लिहिताना मात्र हात आपोआप शुद्ध होतो.

सुवर्णाचं लग्न बुद्धपौर्णिमेनंतरच्या रविवारी ठरलं, हे तुम्हाला माहीतच आहे. जावई अश्वजित दुसरबीडचे, कृषी खात्यात आहेत, स्वभावाने शांत. मंगल कार्यालय, जेवण, भन्तेजी, पत्रिका, सगळं जमलं. अडलं ते फोटोवाल्यावर. तुम्ही म्हणाल, यात घाबरण्यासारखं काय? मीही तसंच म्हणत होतो.

एक फोटोवाला आपल्याच गावचा कुलदीप. त्याचं म्हणणं, लग्न एकदाच होतं, तेव्हा बटणावरचं बोट उचलायचंच नाही. चार हजार फोटो, जसे निघाले तसे, पेनड्राइव्हमध्ये घालून देणार. त्यात काही पुसणार नाही, सजवणार नाही. ‘काका, जे झालं ते झालं,’ असं तो हसत सांगतो, आणि मला ते लग्नापेक्षा पंचनाम्यासारखं वाटतं. नमुना म्हणून त्याने शेजारच्या शेषरावांच्या मुलाचं लग्न दाखवलं. त्या लग्नात मी होतो. सव्वादोन तास खुर्चीवर बसून मी स्वतःला पाहिलं. सत्तावीस फोटोंत मी आहे आणि एकाही फोटोत माझं तोंड बंद नाही. काहींत जेवतो आहे, काहींत जांभई देतो आहे, आणि एवढा कान माणूस चारचौघांत खाजवतो हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. एका फोटोत तर मी दुसऱ्याच कोणाच्या चपला पायात घालताना दिसतो. (त्या अगदी माझ्यासारख्या होत्या. मी लगेच काढून ठेवल्या. पण काढून ठेवतानाचा फोटो नाही! चार हजार फोटो काढणाऱ्याने नेमका तोच कसा सोडला?) शेषरावांनी हे फोटो पाहिले असतील का, या विचाराने मी तीन दिवस त्यांच्या दारावरून गेलो नाही.

दुसरा बुलढाण्याचा ऋत्विक. अश्वजितच्या आईने सुचवलेला. त्या बाईंचं म्हणणं, फोटो थोडे असले तरी चालतील, पण भिंतीवर लावावेसे वाटले पाहिजेत. ऋत्विक साडेतीनशेच फोटो देतो, मात्र एकेका फोटोवर म्हणे तास तास कॉम्प्युटरवर काम करतो. त्याच्या पहिल्या मजल्यावरच्या स्टुडिओत चपला बाहेर काढाव्या लागतात (मी आपल्याच घातल्या ना, हे परतताना दोनदा तपासलं). त्याने जाड पुठ्ठ्याचा अल्बम पुढे ठेवला. लग्न निघालं मोताळ्याचं, तिथेही मी गेलो होतो. स्टेजवर नवरदेवाच्या डाव्या हाताला, पोट आत ओढून, श्वास धरून मी उभा राहिलो होतो, ते मला पक्कं आठवतं. अल्बममध्ये नवरदेवाच्या डाव्या हाताला फुलांची कुंडी आहे.

मी विचारलं, तर म्हणाला, ‘काका, फ्रेम साफ केली.’ मी म्हटलं, त्या जागी मी होतो. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कुंडीकडे, आणि निकाल कुंडीच्या बाजूने लागल्याचं मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. भाऊजी, तुम्हाला हसू येईल, पण जिना उतरताना मी भिंतीवर माझी सावली पडते का ते पाहिलं. खाली रस्त्यावर येऊन मी मोठ्याने खाकरलो. रसवंतीवाल्याने वळून पाहिलं तेव्हा कुठे जिवात जीव आला.

तर आता तुम्हीच सांगा. चार हजारांत अब्रू जाते, साडेतीनशेत माणूस जातो. लग्नाला सातशे लोक येणार. छायाने वहीत यादी केली आहे, की कोण फोटोत नसलं तर किती वर्षं बोलणार नाही. दोन वर्षंवाले आहेत, पाच वर्षंवाले आहेत, आणि ‘आपल्या मातीलाही येणार नाहीत’ असे नऊ आहेत. त्यांतले सहा माझ्या बाजूचे.

त्यात आणखी एक झालं. ऋत्विकने साखरपुड्यात सुवर्णाचा एक फोटो काढला आणि आठ दिवसांनी ‘पाहा फायनल कसं दिसेल’ म्हणून मोबाइलवर पाठवला. माझी मुलगी सावळी आहे, माझ्या आईच्या रंगाची. फोटोतली बाई दुधात भिजत घातल्यासारखी पांढरी होती. कपडे सुवर्णाचे, कानातले सुवर्णाचे, आत माणूस नवा. खरं सांगतो, मला फोटोची भीती वाटली नाही. सुवर्णाला तो आवडेल याची वाटली. लहानपणी शाळेतून येऊन ती एकदा हळद आणि साय चेहऱ्यावर चोळत बसली होती, ते आम्ही दोघांनी दाराआडून पाहिलं होतं आणि आत जाऊन तिला काय सांगावं ते दोघांनाही सुचलं नव्हतं.

ती खामगावहून दवाखान्याची ड्युटी करून आली. हातपाय धुतले, मोबाइल हातात घेतला, खिडकीपाशी नेऊन नीट पाहिला. मग म्हणाली, “बाबा, हिचं रक्त तपासाले पाह्यजे. हिमोग्लोबिन पाचच्या वर नसन.”

छाया एवढी हसली की तिला ठसका लागला. सुवर्णाने तिथूनच ऋत्विकला फोन लावला (अर्थात स्पीकरवर). माझा रंग बदलायचा नाही, उजेड काय तो कमी-जास्त करा, असं तिने स्वच्छ सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, सगळ्यांना असंच आवडतं. ती म्हणाली, “मंग सगळ्यायले द्या. मले नको.” मला वाटलं, आता हा रागावून लग्नातून आमचं सगळं घरच साफ करतो.

पण नर्सबाईंनी दोघांनाही कामाला लावलं. फोटो कुलदीपच काढणार, चार हजार काय ते. त्यांतले तीनशे सुवर्णा स्वतः निवडणार. ऋत्विक त्या तीनशेंचा उजेड, रंग, कडा नीट करून अल्बम बांधणार, पण माणूस एकही काढणार नाही. ऋत्विक ‘दुसऱ्याच्या फोटोत आम्ही हात घालत नाही’ म्हणाला, कुलदीप ‘आमच्या फोटोत दुसऱ्याचा हात चालत नाही’ म्हणाला, दोघेही फुगले आणि दोघांनीही होकार दिला. म्हणजे हा प्रश्न मिटला आहे. तरीही तुमचं मत कळवावं. सिंधूताई इकडे बुलढाण्याला असताना सून तुमच्या पथ्याचं सांभाळत असेलच. घरातल्या सर्वांना जय भीम, नातवाच्या गालाला माझ्या नावाने हात लावावा.

तुमचा,
जानराव

ता. क. — प्रश्न मिटला तर चार पानं कशाला लिहिली, असं तुम्ही विचाराल. खरी गोष्ट पत्रात राहून गेली. म्हणजे मी राहू दिली. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये सिंधूताई कुठेच नाही, हे तुम्हाला माहीत आहे. छत्तीस फोटोंचा एकच रोल होता आणि तो संपला, असं मी सांगितलं आणि तुम्ही ते मानून घेतलंत. आई गेल्यावर कापूस वेचून जिने मला शिकवलं, ती माझी थोरली बहीण माझ्या लग्नात पहाटेपासून चुलीपाशी होती. अल्बम आला तेव्हा तिने तो सावकाश शेवटपर्यंत पाहिला, मिटला आणि ‘चांगले आले’ म्हणाली. त्यानंतर एकतीस वर्षं एक शब्द नाही. भांडली असती तर मी केव्हाच मोकळा झालो असतो. भाऊजी, रोल संपला नव्हता. एक फोटो उरला होता. फोटोवाल्याने मला येऊन विचारलं, शेवटचा कोणाचा काढू? तेवढ्यात आमच्या जनावरांच्या दवाखान्याचे साहेब जीपमधून उतरले. मी म्हटलं, साहेबांचा काढा. दोन महिन्यांत त्यांची बदली झाली. आज मला त्यांचं आडनावही आठवत नाही. आता ताईचा निरोप आला आहे की गुडघे दुखतात, सुवर्णाच्या लग्नाला जमणार नाही. त्या गुडघ्यांचं दुखणं मला कळतं. तुम्ही नागपुरातून फोन करून तिला समजवा आणि ही रोलची गोष्टही तुम्हीच सांगा. माझी हिंमत नाही.

पुन्हा ता. क. — गुरुवार. पत्र पेटीत टाकायला नांदुऱ्याला गेलो आणि ते खिशातच ठेवून बुलढाण्याच्या गाडीत बसलो. राजूर घाटात प्रत्येक वळणावर वाटलं, गाडी उलटते. दोन वळणांवर तर वाटलं, उलटली तर बरं. ताई दारात तुरी निवडत होती. मी चपलाही न काढता, उभ्या उभ्या, एका दमात ऋत्विकच्या कुंडीपासून त्या रोलपर्यंत सगळं सांगून टाकलं. सुपातला तिचा हात थांबला नाही.

“मले माहीत आहे,” ती म्हणाली. “तो फोटोवाला आंधी माह्याचकडे आला होता. म्हणे, बाई, एक राह्यला, तुमचा काढू का? म्या म्हटलं, माह्या भावाले इचार. अन् चुलीपासून पाहत होती, तू काय सांगतं त्याले.”

मी उंबऱ्यावर बसलो. तिने उठून पाणी आणून दिलं. गुडघे खरंच दुखतात तिचे, उठताना भिंतीला हात लावते. मग म्हणाली, “येतो मी सुवर्णाच्या लग्नाले. पण त्या बुलढाण्याच्या पोट्ट्याले सांग, माहा एक फोटो कर म्हणा. तुह्या लग्नातल्या वक्ताची कर म्हणा मले. चौतीस वर्साची.”

मी लगेच ऋत्विकच्या स्टुडिओत गेलो. त्याने सगळं ऐकून घेतलं. प्रथमच त्याने मला बसायला खुर्ची दिली. म्हणाला, होईल काका, फक्त त्या वयातला त्यांचा एखादा फोटो आणा, तो समोर ठेवूनच करावं लागतं. मी पुन्हा ताईकडे गेलो आणि तसा फोटो मागितला. ती हसली. म्हणाली, “तोच तं काढाचा होता नं बे.”

म्हणून भाऊजी, बाकी सगळं पत्र सोडून द्या. तुमच्या पाकिटात, डायरीत, शाळेच्या एखाद्या जुन्या कागदाला टाचलेला, कुठेही ताईचा तेव्हाचा फोटो असला तर आजच्या आज पाठवा. पुसट चालेल, फाटका चालेल, बोटाएवढा चालेल. इतकी वर्षं जवळ ठेवला आणि तिला सांगितलं नाही म्हणून लाजू नका, मीही सांगणार नाही. मला एकच भीती आहे, की तुमच्याकडेही नसेल.