निम्मी अंडी

प्रिय स्वेन्या,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवून घे. गेले कित्येक दिवस या घराच्या मालकाला, म्हणजे मला, जेवायला टेबल नाही. त्यावर न्यूटच्या, म्हणजे आपल्या त्या पाणसरड्यांच्या, अंड्यांची भांडी मांडली आहेत. ज्याच्या शुक्रवारच्या सदरावर कासलचे महापौर चिडतात, तो प्रतिष्ठित नागरिक ओट्याशी उभा राहून पाव-चीज खातो आणि चुरा पाण्यात उडू नये म्हणून हनुवटीखाली बशी धरतो. हीच तक्रार मी रविवारी फोनवर तुला ऐकवली. तू रडत होतीस, तू मला एक प्रश्न विचारलास, आणि मी टेबलाबद्दल बोललो. तेव्हापासून तू फोन घेत नाहीस. सोंद्रे घेतो आणि हळू आवाजात म्हणतो, "ती झोपलीय, हेनर." जावई गुणी आहे, पण खोटं बोलायला त्याला कोणी शिकवलेलं दिसत नाही.

म्हणून लिहितोय. लिहिताना मी जरा बरा माणूस असतो.

तुझी टिला अजून आहे. शाळेत असताना न्यूट पाळणाऱ्यांच्या मंडळाच्या बाजारातून ती तू डब्यात घालून आणलीस, तेव्हा वाटलं होतं, हे हिरव्या डागांचं प्रकरण नाताळपर्यंत आटोपेल. तू मोठी झालीस, समुद्रापलीकडे बर्गनला गेलीस, तुझी आईही गेली, टिला राहिली. आईनं अर्धं सामान नेलं, फ्रीज मात्र ठेवला. म्हणाली, "राहू दे, त्यात लोक राहतात." खोटं नव्हतं. यंदाही हिवाळाभर टिला आणि तिचा नवरा ओल्या शेवाळाच्या डब्यात, लोण्याशेजारी झोपून होते. मी रोज झाकण उघडून बघायचो, श्वास चालू आहे ना. घरात श्वास घेणारं आणखी कोणी नव्हतं, तेव्हा चौकशी थोडी स्वार्थीही होती.

मार्चमध्ये दोघांना पाण्यात सोडलं. नरानं पाठीवरचा तुरा फुगवून, शेपूट हलवत आठवडाभर मिरवून घेतलं. टिला त्याच्याकडे संपादक माझ्या लेखाकडे बघतात तशी बघत होती. पण शेवटी लेख छापून आला. हिरव्या प्लास्टिकच्या पिशवीच्या पट्ट्या कापून पाण्यात सोडायचं तूच शिकवलं होतंस. त्या पट्टीला धरून ती एकेक अंडं मागच्या पायांनी घडीत गुंडाळते आणि घडी चिकटेपर्यंत तशीच थांबते. एवढा जीव लावते, आणि उद्या तेच अंडं उघडं सापडलं तर खाऊन टाकते. म्हणून पट्ट्या काढून टेबलावर आणल्या.

थोड्याच दिवसांत प्रत्येक अंड्यात एक स्वल्पविराम दिसू लागला. मग तो वळवळू लागला. मी भांड्यांना सुप्रभात म्हणू लागलो, हे कुणाला सांगू नकोस. आणि मग एका सकाळी काही अंडी पांढुरकी दिसली. दुसऱ्या दिवशी आणखी. मी पाणी बदललं, भांडी खिडकीतून हलवली, हीटर बंद करून कोट घालून बसलो, साबणाचा अंश राहिला असेल म्हणून हात नुसत्या पाण्यानं धुतले. चहाच्या चमच्यानं मेलेली अंडी वेगळी करत राहिलो. निम्मी गेली, स्वेन्या. तुझ्या टिलाची निम्मी पिल्लं मी मारली, अशी माझी खात्री झाली.

शेवटी मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना बोलावलं. फ्राउ क्वांट, निवृत्त दंतवैद्य, आणि अजूनही समोरच्याच्या तोंडाकडे संशयानं बघणाऱ्या. मी कबुलीजबाब दिला. त्या भांड्यांत डोकावून म्हणाल्या, "निम्मी ना? मग बरोबर आहे की." मी म्हटलं, "बरोबर कसं?" तर म्हणाल्या, "अहो, यांच्या जातीत निम्मी मरतातच. दर वेळी. राजवाड्यात ठेवा नाहीतर बादलीत. त्यांच्या रक्तातच तसं लिहिलंय. टिलानं काही केलं नाही, तुम्ही तर नाहीच नाही." मी तरीही हीटरचं पुटपुटलो, तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "हेर ब्रांडिस, पेपरात लिहिता म्हणून जगात घडतं त्या सगळ्याचे लेखक तुम्हीच, असं वाटतं का तुम्हाला? कोट काढा आता. आणि बसा कुठंतरी."

मी बसलो. आणि, तुला सांगतो, रडलो. अंड्यांसाठी नव्हे.

तू न्यूट नाहीस, एवढं मला कळतं. डॉक्टरांनी तुला नीट शब्दांत सांगितलंच असेल, आणि ते तुझ्यापर्यंत पोचलं नसेल, जसं माझ्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं. तिसऱ्या महिन्यात गेलेल्या त्या बाळासाठी तू सोंद्रेबरोबर भिंत रंगवली होतीस. मी त्याला अजून काही नावही ठेवलं नव्हतं, तरी रोज त्याच्याशी मनात बोलत होतो. उरलेली अंडी सांभाळायला फ्राउ क्वांट घराची किल्ली घेऊन गेल्यात, आणि शुक्रवारच्या बोटीचं तिकीट माझ्या खिशात आहे. मी आल्यावर बोलायला हवं असं नाही; झोप हवी तेवढी. पण रविवारी तू विचारलं होतंस, "पापा, माझं काय चुकलं?" त्याचं उत्तर माझ्याकडे राहिलं होतं. काही नाही, बाळा. तुझं काहीही चुकलं नाही.

तुझाच,
पापा